मलमवकिलांचा चहा

हॉस्पिटल समोरून बघावं तर काच, संगमरवर आणि पाण्याच्या पेटीत मजेत फिरणारे लाल मासे. मागून बघावं तर सगळा कारभार बँडेजवर उभा. खिडकीचं दार बँडेजनं बांधलेलं, सलाइनचा स्टँड बँडेजनं बांधलेला, औषधांच्या कपाटाचे दोन्ही कान बँडेजनं आवळलेले. पेशंटला लागत नसेल एवढं बँडेज त्या इमारतीला लागायचं. माशांच्या पेटीचं मात्र कधी काही अडलं नाही. तिथला एक मासा जरा कुशीवर झाला तरी माणूस धावत यायचा. माणूस कुशीवर झाला तर घंटी वाजवायची, आणि घंटीसुद्धा बँडेजनंच लटकवलेली.

याला कारण मोठ्या डॉक्टरांचा नियम. मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. हात सोन्याचा, जीभ लोखंडाची. त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगून ठेवलं होतं, "मोडलं-बिघडलं तोंडानं सांगायचं. कागदावर आणायचं नाही. तपासणीला येणारी माणसं कागद वाचतात. भिंती कोणी वाचत नाही."

त्यामुळे पुरुषांच्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या कॉटची खिट्टी मोडली तेव्हा तिथल्या सिस्टरनं तोंडानं सांगितलं. खिट्टी म्हणजे कॉटच्या बाजूचा कठडा वर अडकवून ठेवते ती. ती नसली की कठडा म्हणजे नुसती शोभा, हात टेकला की खाली. सिस्टरनं दुरुस्तीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, वरून सही येऊ द्या. तिनं वर सांगितलं. वरचे म्हणाले, खालून कागद येऊ द्या. कागदाला तर बंदी. म्हणजे खिट्टी येणार कुठून, आभाळातून? शेवटी तिनं केलं ते त्या हॉस्पिटलात कोणीही केलं असतं. बँडेज घेतलं, कठडा वर धरला आणि बांधून टाकला. वर आणखी एक गाठ मारली.

त्या कॉटवर पुढे बँडमास्तर आले. लोकांच्या वरातीत आयुष्यभर बाजा फुंकून छाती खिळखिळी झालेले, पोटाच्या ऑपरेशनला आलेले. माणूस गोड. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली की तोंडानंच ढोल वाजवायचे. एका दुपारी वॉर्डात सिस्टर एकटीच होती, दुसरी रजेवर. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. खास खोलीत हॉस्पिटलच्या अध्यक्षांचे मेहुणे दाखल होते, त्यांना उचक्या लागल्या होत्या. ताबडतोब या.

"सर, वॉर्डात दुसरं कोणी नाही," सिस्टर म्हणाली.

"जरा वेळ तुम्ही नसलात तर आभाळ कोसळतंय का?"

आभाळ नाही कोसळलं. बँडमास्तर कोसळले. त्यांना लघवीला जायचं होतं, घंटी वाजवून वाजवून कंटाळले, आणि कठड्याला धरून उठायला गेले. बँडेज सुटलं, कठडा खाली, आणि त्याच्यामागे मास्तर. सिस्टर तिकडे मेहुण्यांच्या पाठीवर हात फिरवत "श्वास रोखा, आता सोडा" करत होती. मेहुण्यांची उचकी थांबली आणि बँडमास्तरांचा उजवा हात मोडला. बाजा वाजवायचा तोच हात.

बँडमास्तरांची मुलगी शाळेत गणित शिकवायची. तिनं बापाच्या प्लास्टरकडे एकदा पाहिलं, वॉर्डाकडे एकदा पाहिलं आणि सरळ कोर्टात केस टाकली. एक नंबरला हॉस्पिटल, दोन नंबरला सिस्टर. दोघांच्याही निष्काळजीपणामुळे. तिचं काय चुकलं? काहीच नाही. पण सिस्टरच्या पायाखालची फरशी सरकली. निष्काळजी ठरली तर नोकरी तर जाईलच, शिवाय नर्सिंगची नोंदणी रद्द. मग पुन्हा कुठल्याच वॉर्डात पाऊल टाकता येणार नाही. तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

अशा वेळी मलमवकील अवतरले.

ते हॉस्पिटलचे वकील. खरं नाव पाटीवर होतं, पण स्टाफनं हे पाडलं होतं. कुठे काही सुजलं, चिघळलं, की हॉस्पिटल यांना आणून लावायचं. आवाज असा मऊ की समोरच्याला वाटावं आपल्याला तापच आलाय आणि हे उशाशी बसलेत. त्यांनी सिस्टरला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. तिथला गालिचा इतका जाड की तिच्या चपला त्यात रुतल्या. इतक्या वर्षांत ती या खोलीत आली होती ती फक्त एकदा, कोणाला तरी चक्कर आली म्हणून.

"बसा ताई. चहा घ्या. घाबरायचं नाही अजिबात."

कपाला बशी होती. बशीत बिस्किट होतं. वॉर्डातल्या माणसाला बशीतून चहा मिळाला की त्यानं सावध व्हावं. पण सिस्टर सावध झाली नाही, तिचे डोळे भरून आले.

"साहेब, तुम्ही माझी बाजू मांडाल ना?"

"अहो, मी आपल्या सगळ्यांचाच वकील," मलमवकील म्हणाले. "आपण एका घरचे. फक्त एक करायचं, माझ्यापासून काही लपवायचं नाही. डॉक्टर आणि वकील, दोघांपुढे पोट उघडं करावं."

सिस्टरनं पोट उघडं केलं. खिट्टी सांगितली, बँडेज सांगितलं, फोन सांगितला, मेहुणे सांगितले. आणि शेवटी जे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. की वरची गाठ मारताना पलीकडच्या कॉटवरून कोणीतरी हाक मारली होती, आणि ती गाठ नीट आवळली की सैल राहिली याची तेव्हापासून तिच्या मनाला शंका खाते आहे. हे सांगताना तिचा चहा गार झाला. मलमवकिलांनी तो बदलून आणवला. इतकं प्रेम.

"कोर्टात विचारतील तेवढंच बोलायचं," ते म्हणाले. "हो, नाही. नाही, हो. वॉर्डात होता का? नाही. संपलं. फोनबिन, मेहुणेबिहुणे, कोणी विचारलं तरच. आणि कोणी विचारणार नाही. लांब उत्तर देणारा माणूस खोटा वाटतो, ताई."

घरी येऊन सिस्टरनं सराव सुरू केला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत लोंबकळून आलेल्या माणसाला घरी दोन शब्द हवे असतात.

"आज उशीर झाला का?"

"हो."

"जेवलीस?"

"नाही."

"का?"

'का'चं उत्तर शिकवलं नव्हतं.

"काय गं, माझ्यावर रागावलीस का?"

"नाही."

"मग हे काय चाललंय, टेलिफोनवाल्या बाईसारखं?"

खालच्या मजल्यावर नणंद राहायची. तिचं शिवणाचं दुकान होतं. आधी एक नवरा पण होता. तो कोर्टानं कापून वेगळा केला. ती ब्लाउजचं माप घेतल्यासारखं माणसाला डोक्यापासून पायापर्यंत बघायची. ती गळ्यात टेप घालूनच वर आली, भावाचं गाऱ्हाणं ऐकलं, मग वहिनीकडून सगळं काढून घेतलं. चहा, बशी, बिस्किट, आणि "आपल्या सगळ्यांचा".

"वहिनी," ती म्हणाली, "त्याचे पैसे कोण देतं?"

"हॉस्पिटल."

"मग तुझा कसा तो?"

"असं कसं, मी हॉस्पिटलचीच ना."

"हॉस्पिटल तुझं आहे का?"

सिस्टरला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. नणंदेनं टेप गळ्यातून काढली. "माझ्या नवऱ्याचा वकील पण असाच होता. मला म्हणायचा, ताई, पाणी घ्या. ताई, तुमचंही हितच बघतोय मी. मी येडी, त्याच्यापुढे रडले की मला कधीकधी संसार सोडून पळून जावंसं वाटतं. कोर्टात तेच वाक्य माझ्या थोबाडावर मारलं त्यानं. म्हणे, बघा, हिलाच नांदायचं नाही. वहिनी, तुझ्या त्या 'हो-नाही'चा अर्थ कळला का तुला? वॉर्डात होतीस? नाही. झालं. हॉस्पिटल म्हणणार, आमचं हॉस्पिटल सोन्याचं, ही बाई जागेवर नव्हती. हिला धरा, आम्हाला सोडा."

"ते तसे वाटत नाहीत गं."

"तसे वाटले असते तर त्यांना ठेवलं असतं का?" नणंद म्हणाली. "दादा, उद्या ही माझ्याबरोबर येतेय. माझ्या वकीलबाईंकडे."

"पण त्या तर काडीमोड करून देतात," नवरा दचकून म्हणाला.

"मग हे दुसरं काय आहे?"

वकीलबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. जिना चढताना खालच्या मशीनची ऊब पायाला लागायची. बाहेरच्या बाकावर नवरे एका टोकाला, बायका दुसऱ्या टोकाला, मधली जागा रिकामी. वकीलबाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि तो शोधण्यात निम्मा दिवस जायचा. आयुष्यात त्यांनी हॉस्पिटलचा खटला लढवला नव्हता. पण सिस्टरचं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू जुनीच ओळख निघाली.

"किती वर्षं नांदतेयस तिथे?"

"म्हणजे, नोकरीला? लग्नाआधीपासून."

"सणावाराला सुट्टी?"

"क्वचित."

"मोडकं-तोडकं तूच सांभाळायचं, आणि पाहुणे आले की सासऱ्यानं म्हणायचं, आमचं घर बघा कसं चकचकीत. बरोबर?" वकीलबाईंनी टेबलावर थाप मारली. "अगं, ही तर माझीच केस. संसार सुरळीत आहे तोवर दोघांना एक वकील पुरतो. किंबहुना लागतच नाही. पण ज्या दिवशी 'चूक कोणाची' हा प्रश्न येतो त्या दिवशी घराच्या दोन खोल्या होतात. हॉस्पिटलच्या वकिलाचं काम हॉस्पिटल वाचवणं. ते त्यानं करावं, त्याचा मला राग नाही. तुला बुडवून हॉस्पिटल वाचत असेल तर तो बुडवणारच, तो त्याचा धर्म. राग कशाचा आहे, तर तुझ्यासमोर बसून त्यानं हे सांगितलं नाही. 'बाई, मी तुझा नाही, तू तुझा वकील बघ.' एवढं एक वाक्य. तेवढं बोलला असता तर तू बिस्किट खाऊन गप्प उठून आली असतीस."

"बिस्किट मी खाल्लं नाही," सिस्टर म्हणाली.

"ते बरं केलंस."

"आता काय करायचं? त्यांना जाऊन सांगू का, की मी वेगळा वकील केला?"

"ते मी कळवते. पण तू त्याला जे सांगून बसलीस, ते तर परत पोटात घालता येत नाही." वकीलबाईंनी चष्मा शोधला, सापडला, डोळ्यांवर घेतला. "त्यातलं असं काही आहे का, जे तुझ्या-त्याच्याशिवाय जगात कोणालाच ठाऊक नाही?"

सिस्टरनं गाठीची शंका सांगितली.

"छान," वकीलबाई म्हणाल्या.

"छान काय त्यात? ती गळ्यात अडकली तर माझी नोंदणी जाईल."

"तो ती वापरणार. त्याला राहवणारच नाही, इतकी गोड गोष्ट आहे. त्यानं विचारलं की तू खरं असेल ते बोलायचं. खोटं बोललीस तर मी उठून घरी जाईन. त्याला तो चहा एकदा कोर्टात ओकू दे. मग मी बघते."

"आणि तुम्हाला बघता नाही आलं तर?"

वकीलबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "तर मग वाईट होईल," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून कोर्टाच्या तारखेपर्यंत सिस्टर ज्या दोऱ्याला हात लावील त्याची गाठ तिहेरी मारायची. नवऱ्याला बुटाची नाडी सोडायला सुरी घ्यावी लागली.

तारखेला कोर्टाच्या जिन्यात मलमवकील भेटले. चेहऱ्यावर दुखावल्याचा भाव. "ताई, वेगळा वकील कशाला? आपण एकाच घरचे ना?"

"घर एकच," वकीलबाई मधे शिरल्या. "पण तुम्ही आतून कडी लावणारे, आणि ही बाहेर."

आत बाकावर बँडमास्तर बसले होते, हात गळ्यात. सिस्टरला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी डाव्या हातानं तिला सलाम ठोकला आणि तोंडानं हळूच ढोल वाजवला.

"बाबा," मुलगी दातओठ खात म्हणाली, "आपण त्यांच्यावर केस केली आहे."

"केली आहे ना. मग बोलायचं पण नाही का? ही वॉर्डात असती तर मी पडलोच नसतो."

"तेच आपलं म्हणणं आहे."

"मग मी वेगळं काय बोललो?"

न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती. रुमाल एका हातात, पेन दुसऱ्या हातात, आणि दोन्हीकडे सारखंच लक्ष. मोठे डॉक्टर पहिल्या बाकावर असे बसले होते की कोर्टच त्यांच्याकडे तपासायला आणलंय. सिस्टरला पिंजऱ्यात बोलावलं. तिनं कठड्याला हात टेकला, आणि सवयीनं आधी हलवून बघितला. पक्का होता.

मलमवकील उठले. आवाज तोच, मऊ.

"सिस्टर, बँडमास्तर पडले तेव्हा आपण वॉर्डात होता?"

"नाही."

"कॉटचा कठडा बँडेजनं बांधला होता. कोणी?"

"मी."

"आपल्याला हे ठाऊक होतं की तो तसा बांधणं योग्य नाही?"

"हो."

तीन उत्तरं, तिन्ही खरी, आणि तिन्ही मिळून एक धडधडीत खोटं. सिस्टरला ते आपल्या डोळ्यांसमोर रचलं जाताना दिसत होतं, जशी भिंत बांधतात. मोठे डॉक्टर समाधानानं मान डोलवत होते. मलमवकिलांनी इथेच थांबायला हवं होतं. शहाणा वकील इथेच बसला असता. पण खिशात लाडू असलेल्या माणसाचा हात खिशाकडे जातोच.

"शेवटचं. ती वरची गाठ. ती मारताना आपलं लक्ष दुसरीकडे होतं. ती सैल राहिली असावी अशी आपल्याच मनाला तेव्हापासून शंका आहे. हो की नाही?"

सिस्टरनं वकीलबाईंकडे बघितलं. वकीलबाई चष्मा शोधत होत्या. तिनं बँडमास्तरांकडे बघितलं. त्यांनी ढोल बंद केला होता.

"हो," ती म्हणाली. "आहे. रोज असते."

न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं. लिहिण्याचा आवाज सिस्टरला ऐकू आला, आणि तिला वाटलं, संपलं, आता घरी जाऊन युनिफॉर्म धुवून घडी करून ठेवायचा, कायमचा.

वकीलबाई उठल्या.

"बाईसाहेब, मला माझ्या अशिलाला काही विचारायचं नाही. मला या वकीलसाहेबांना विचारायचं आहे. ही गोष्ट कुठल्या कागदात नाही. कुठल्या जबानीत नाही. हिनं नवऱ्याला सांगितलेली नाही. बाईच्या पोटातली शंका यांना कळली कशी? सोनोग्राफीत दिसली का?"

न्यायाधीशबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. "प्रश्न बरोबर आहे. कशी कळली?"

"त्यांनीच मला सांगितली," मलमवकील म्हणाले.

"कुठे?"

"हॉस्पिटलात. चहा घेताना."

"त्यांनी तुम्हाला ती कोण समजून सांगितली?"

मलमवकिलांच्या पुढे दोनच दारं होती आणि दोन्हींच्या मागे विहीर. 'त्यांचा वकील समजून' म्हणावं, तर आपल्याच अशिलाचं गुपित तिच्याच विरुद्ध काढलं. 'हॉस्पिटलचा वकील म्हणून' म्हणावं, तर पुढचा प्रश्न तयार.

"हॉस्पिटलचा वकील म्हणून," ते म्हणाले.

"मग तुम्ही त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की तुम्ही त्यांचे वकील नाही?" न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"तसं... त्या शब्दांत नाही."

"कुठल्या शब्दांत?"

"मी म्हणालो की मी... आपल्या सगळ्यांचा."

मागच्या बाकावरून नणंदेचा आवाज आला, "तरी मी म्हणत होते." शिपायानं तिच्याकडे डोळे वटारले. तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत मापलं.

न्यायाधीशबाई शिंकल्या, मग बोलल्या. "सगळ्यांचा वकील नावाचा प्राणी या कोर्टात चालत नाही. इथे बाजू असतात. एका बाईला तुम्ही आपले वाटलात आणि तिचं सगळं ऐकून घेतलंत, आता तिच्याविरुद्ध उभं राहता येणार नाही. आणि त्या चहाच्या जोरावर विचारलेला शेवटचा प्रश्न आणि त्याचं उत्तर मी काढून टाकते आहे. तुम्ही खाली बसा. हॉस्पिटलनं दुसरा वकील द्यावा. पुढची तारीख घ्या."

आता कोणताही शहाणा माणूस तारीख घेऊन घरी गेला असता. पण मोठ्या डॉक्टरांना आयुष्यात कोणी 'थांबा' म्हटलेलं नव्हतं. ते ताडकन उठले.

"तारीख कशाला? मला लपवायचं काय आहे? मला वकील लागत नाही. मी रोज माणसांची पोटं उघडतो. विचारा काय विचारायचं ते."

"सर," मलमवकील कळवळून म्हणाले.

"तुम्ही बसा हो. तुमच्यामुळेच हे झालं."

न्यायाधीशबाईंनी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, वकिलाशिवाय बोलायचं आहे ना नक्की? ते म्हणाले, नक्की. मग ते पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले आणि कठड्यावर दोन्ही कोपर टेकवून, व्याख्यानाला आल्यासारखे सगळ्यांकडे बघू लागले. त्यांना 'हो-नाही'चा सराव कोणी दिलाच नव्हता. द्यायची कोणाची छाती होती?

वकीलबाईंनी आवाज इतका नम्र केला की मलमवकिलांनीसुद्धा दाद द्यावी. "डॉक्टरसाहेब, एवढं मोठं हॉस्पिटल. असल्या सिस्टर मनाला येईल तेव्हा वॉर्ड सोडून जात असतील, आपल्याला कुठून कळणार?"

"मनाला येईल तेव्हा?" मोठ्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "माझ्या हॉस्पिटलात माझ्या परवानगीशिवाय पान हलत नाही."

"मग त्या दुपारी ही गेली ती?"

"मी बोलावलं म्हणून गेली. अध्यक्षांच्या मेहुण्यांना उचक्या होत्या. तुम्ही हसू नका, उचकीला किरकोळ समजू नका. उचकीचे प्रकार असतात." आणि त्यांनी ते प्रकार सांगायला सुरुवात केली.

मागे मलमवकील मोठ्यानं खोकले.

"पण हिनं तुम्हाला सांगायला नको का," वकीलबाई म्हणाल्या, "की वॉर्डात दुसरं कोणी नाही?"

"सांगितलं ना. सांगते ती सगळं. चांगली सिस्टर आहे, मी नाही कुठे म्हणतोय? मी म्हटलं, जरा वेळानं काय आभाळ कोसळतंय."

मलमवकील पुन्हा खोकले. या वेळी खोकला आतड्यापासून आला होता. मोठ्या डॉक्टरांनी वळून बघितलं. "खोकला आहे तर उद्या दाखवून जा," ते म्हणाले आणि परत पुढे वळले.

"आणि खिट्टीचं? तेही सांगितलं असेल हिनं?"

"असेलच. तोंडी येतात आमच्याकडे सगळ्या तक्रारी. कागदावर आणू देत नाही मी. माझाच नियम आहे तो, आणि उत्तम नियम आहे. तपासणीत एक शेरा नाही आमच्यावर."

न्यायाधीशबाई भराभरा लिहीत होत्या. बँडमास्तरांच्या मुलीचा वकील, एक किरकोळ अंगाचा तरुण, तोंड उघडं टाकून बघत होता. त्यानं घरून काय काय प्रश्न आणले होते, सगळे वाया. गणिताच्या बाई बापाकडे वळून हळूच म्हणाल्या, "बाबा, आता वाजवा."

निकाल पुढच्या तारखेला लागला. दोष हॉस्पिटलचा. बँडमास्तरांचा खर्च हॉस्पिटलनं द्यायचा. सिस्टरवर निष्काळजीपणाचा ठपका नाही, नोंदणीला धक्का नाही. वकीलबाई उठून म्हणाल्या, "बाईसाहेब, माझ्या अशिलाला सासरी सन्मानानं, माफ करा, कामावर सन्मानानं परत घ्यावं." न्यायाधीशबाईंनी तेही लिहून दिलं. पण उठता उठता त्या सिस्टरकडे बघून म्हणाल्या, "एक सांगते. गाठ सैल होती की घट्ट, हा प्रश्नच नाही. ती मारायलाच नको होती. तुम्ही लोक बांधत राहता म्हणून हे लोक दुरुस्त करत नाहीत."

सिस्टरला जिंकल्याचा आनंद होण्याऐवजी हेच वाक्य लागलं. घरी येताना नणंद बडबडत होती, नवरा हसत होता, आणि ती आपल्या बोटांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. दारात मलमवकील भेटले. हॉस्पिटलनं त्यांना काढलं नव्हतं, अशी माणसं कोणी काढत नाही. "ताई, झालं गेलं विसरून जा. या, चहा घेऊ."

"चहा कोणाचा?" सिस्टरनं विचारलं.

"म्हणजे?"

"तुमचा की हॉस्पिटलचा?"

मलमवकील विचारात पडले ते तिथेच उभे राहिले. ती पुढे वॉर्डात गेली.

कोपऱ्यातली कॉट तशीच होती. खिट्टी नव्हती. कठडा बँडेजनं बांधलेला, नव्या, कोऱ्या, पांढऱ्याशुभ्र. बांधणारीनं तिच्यापेक्षा सुरेख बांधला होता. वर तिहेरी गाठ. त्यावर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, कठड्याला धरून.

सिस्टर थोडा वेळ त्या गाठीकडे बघत राहिली. मग तिनं गृहस्थांना उठवलं, हात धरून दुसऱ्या कॉटवर नेऊन निजवलं. कात्रीनं बँडेज कापलं. कठडा धाडकन खाली आला. दोन वॉर्डबॉय बोलावले, चाकांचे ब्रेक सोडले, आणि कॉट ढकलत ढकलत वॉर्डाबाहेर, लांब बोळातून, माशांच्या पेटीसमोरून, थेट मोठ्या डॉक्टरांच्या केबिनपर्यंत नेली. आणि दाराला आडवी लावून ब्रेक मारले.

"इथे कशाला, सिस्टर?" एक वॉर्डबॉय घाबरून म्हणाला.

"तक्रार आहे," सिस्टर म्हणाली. "तोंडी."

मोठे डॉक्टर राउंडला निघाले तेव्हा दार अर्धंच उघडलं. त्यांनी आधी एक पाय बाहेर काढला, मग पोट. पोट कॉट आणि चौकटीच्या मधे अडकलं. आधारासाठी त्यांनी कठड्याला हात टेकला. कठडा खाली गेला, आणि ते गादीवर.

समोर माशांच्या पेटीपाशी भेटायला आलेली माणसं उभी होती. ती बघत राहिली. मासे फिरत राहिले.

मोठे डॉक्टर गादीवर पडल्या पडल्या ओरडले, "हे काय आहे? कोणी केलं?"

"मी," सिस्टर म्हणाली. "खिट्टी बसली की घेऊन जाते."

"लेखी कारण द्या मला याचं. आत्ताच्या आत्ता."

"सर," सिस्टर म्हणाली, "कागदावर काही आणायचं नाही, असा नियम आहे."

आणि ती वॉर्डात परत गेली. दुरुस्तीवाला धावत येताना तिला वाटेत भेटला. या वेळी वरची सही कोणी मागितली नव्हती.